साठी ओलांडलेल्या शंभर जणांची गोष्ट

आपल्या घरात बारा-पंधरा वर्षांचे नातवंड असेल, तर त्याच्या उशाशी एका विशिष्ट प्रकारची इंग्रजी पुस्तके आपण पाहिली असतील. मुखपृष्ठावर ओसाड नगर, काळवंडलेले आकाश आणि पाठमोरी उभी असलेली दोन मुले. युद्धाने, रोगाने वा अन्य एखाद्या आपत्तीने जुने जग संपले आहे, मूठभर माणसे उरली आहेत आणि ती पहिल्यापासून संसार मांडू पाहत आहेत, असे या कादंबऱ्यांचे सर्वसाधारण कथानक असते. ‘‘हे कसले अभद्र वाचतेस गं?’’ असे आपण नातीला विचारलेही असेल. माझ्या दवाखान्यात रक्तदाब मोजून घेता घेता कित्येक आजी-आजोबा ही तक्रार करतात. म्हणून आज औषधांऐवजी अशाच एका कादंबरीविषयी लिहिते आहे. आरोग्याचा विषय तिच्यातूनच निघेल.

कादंबरीचे नाव ‘द सिटी ऑफ एम्बर’. लेखिका जीन ड्युप्रौ. पुस्तक २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले, तेव्हा बाई स्वतः साठीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांचे बालपण १९५०च्या दशकातले; अणुयुद्धाच्या भीतीने तिकडची कुटुंबे घराखाली तळघरे खणून धान्याचे डबे साठवत होती, तो हा काळ. एम्बर हे गाव जणू त्या तळघराचेच विस्तारित रूप आहे. तिथे सूर्य नाही, चंद्र नाही. प्रकाश फक्त विजेच्या दिव्यांचा, अन्न कोठारातल्या डबाबंद पदार्थांचे. गोष्ट सुरू होते तेव्हा गावाला २४१ वे वर्ष लागलेले आहे, दिवे अधूनमधून विझू लागले आहेत आणि कोठारे रिकामी होत चालली आहेत. लीना आणि डून ही दोन बारा वर्षांची मुले बाहेर पडण्याची वाट शोधतात, एवढे सांगितले तरी पुरे.

पण आपल्या पिढीच्या दृष्टीने या पुस्तकाचे मर्म शेवटच्या काही पानांत आहे. मुलांना वाटेत एक जुनी वही सापडते. तिच्यावरून कळते की हे गाव वसवले गेले, तेव्हा मानववंश टिकवण्याच्या कामगिरीसाठी धडधाकट तरुणांची निवड झालीच नव्हती. निवडले गेले ते पन्नास पुरुष आणि पन्नास स्त्रिया, सगळे साठीचे किंवा साठीपुढचे. त्यांच्या ओटीत शंभर तान्ही बाळे घातली गेली, प्रत्येक जोडप्याला दोन. ज्या वयात आपल्याकडे ‘आता तुम्ही स्वस्थ बसा’ असे प्रेमाने पण ठामपणे सांगितले जाते, त्या वयाच्या माणसांवर लेखिकेने अख्खी मानवजात सोपवली आहे. आपल्या नातीला हे पान ठाऊक असेल. तिला अवश्य विचारावे.

ही निव्वळ कविकल्पना आहे असेही नाही. इंडोनेशियात सिमेलुए नावाचे बेट आहे. १९०७ साली तिथे भूकंपामागोमाग समुद्राची प्रचंड लाट आली आणि असंख्य माणसे दगावली. वाचलेल्यांनी त्या लाटेला ‘स्मोंग’ असे नाव दिले आणि जमीन हादरून समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळायचे, ही गोष्ट नातवंडांना सांगायला सुरुवात केली. कहाण्यांतून, गाण्यांतून ती तीन-चार पिढ्या चालत आली. २६ डिसेंबर २००४ रोजी तशीच लाट पुन्हा आली. बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ, लोकवस्ती सुमारे ७८ हजार. लोक डोंगरावर चढले. मृत्यू झाले सात. शेजारच्या सुमात्राच्या किनाऱ्यावर त्याच सकाळी लाखाहून अधिक माणसे गेली.

एम्बरच्या वृद्धांनी मात्र नेमके उलटे केले. बाहेर सूर्य होता, झाडे होती, यातले काहीही मुलांना सांगायचे नाही अशी शपथ त्यांना घ्यावी लागली होती. हेतू चांगला होता. मुलांना हरवलेल्या गोष्टींचे दुःख नको. पण त्या मौनामुळे पुढच्या पिढ्यांना आपण बंदिस्त आहोत हेच कळले नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि तो माझ्या ओळखीचाही वाटतो. कारण असेच प्रेमळ मौन मी रोज पाहते. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या आजी मुलाला सांगत नाहीत. त्याला ऑफिसातून धावत यावे लागेल म्हणून. लघवीवरचा ताबा सुटू लागलेले आजोबा पाणी पिणेच कमी करतात आणि सुनेला कारण कळू देत नाहीत. पलीकडच्या बाजूने मुलगा दाराशी थांबून मला हळूच म्हणतो, ‘‘डॉक्टर, बाबांना रिपोर्टचे सांगू नका.’’ एकाच घरात दोन पिढ्या एकमेकींना जपत असतात आणि उपचार मधल्या मध्ये थांबून राहतो. वाचकहो, एकदा पडणे ही पुढच्या पडण्याची पूर्वसूचना असते. ती ज्या दिवशी पडलात त्याच दिवशी घरात सांगावी. डोळ्यांची तपासणी, झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार, न्हाणीघरात धरायला दांडा, उठल्यावर रक्तदाब उतरतो का हे पाहणे, अशी साधी कामे असतात. पण सांगितले तरच होणारी.

आता लीनाच्या आजीकडे येऊ. आई-वडील वारल्यामुळे बारा वर्षांची लीना, तिची तान्ही बहीण पॉपी आणि आजी अशा तिघीच घरात आहेत. आजीचे लोकरीचे दुकान आहे, पण तिची स्मरणशक्ती ढासळत चालली आहे. ‘काहीतरी हरवले आहे’ असे म्हणत ती घर धुंडाळते, कोचाच्या आतले भरण उपसून काढते. काय हरवले आहे ते तिला सांगता येत नाही. वाचताना मला आपल्याकडची किती घरे आठवली म्हणून सांगू! कपाटातल्या साड्या दिवसातून चार वेळा बाहेर येतात, गादीखाली शोध चालतो, कामवालीवर आळ येतो. गंमत अशी की कादंबरीत आजीचे म्हणणे खरे असते. तिच्या घराण्यात पूर्वी एक नगराध्यक्ष होऊन गेला होता आणि गावातून बाहेर पडण्याच्या सूचना ठेवलेली पेटी त्याच्यामुळेच त्या घरातल्या कपाटात पडून होती. आजीच ती शोधून काढते. दुर्दैवाने पॉपी आतला कागद चघळून टाकते, हा भाग वेगळा.

प्रत्यक्षात प्रत्येक शोधामागे अशी पेटी नसते, हे मला मान्य आहे. तरीही ‘काही हरवलेले नाही, गप्प बसा’ या उत्तराने अस्वस्थता वाढतेच. त्याऐवजी वस्तू कशी होती, कुणी दिली होती, हे विचारावे. पाच मिनिटे त्यांच्याबरोबर शोधावे. मग हाताला काही काम द्यावे, वाती वळणे, शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या. संध्याकाळी ही घालमेल वाढत असेल तर दिवेलागणीच्या आधीच घरात भरपूर उजेड करावा. पोट साफ नाही, कुठे दुखते आहे, भूक लागली आहे, लघवीला जायचे आहे, यांपैकी काही आहे का हे आधी पाहावे. कारण शब्द हरवले की शरीर असेच बोलते.

येथे एक भेद सांगितलाच पाहिजे. विसरणे महिन्यामहिन्याने, वर्षावर्षाने वाढत गेले तर तो एक प्रकार. कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती दोन दिवसांत भांबावली, असंबद्ध बोलू लागली, दिवसा ग्लानीत आणि रात्री जागी राहू लागली, तर तो अगदी वेगळा प्रकार. त्यामागे लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम कमी होणे, शरीरातले पाणी घटणे किंवा नव्याने सुरू केलेली एखादी गोळी असू शकते. ‘वय झाले’ म्हणून यात थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. संथपणे वाढणाऱ्या विस्मरणातही थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, नैराश्य आणि कमी ऐकू येणे यांची तपासणी व्हायलाच हवी. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्या आणि शाकाहारी मंडळींनी बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावे.

आणि त्या पेटीचे काय झाले होते? तिचे कुलूप दोनशे वर्षांनी आपोआप उघडणार होते आणि प्रत्येक नगराध्यक्षाने ती पुढच्याच्या हाती सोपवायची होती. सातव्या नगराध्यक्षाला खोकल्याच्या रोगाने गाठले. पेटीत काही उपाय असेल या आशेने त्याने ती घरी नेली, हातोडीने फोडू पाहिली आणि कुणाला काही सांगण्याआधीच तो मरण पावला. सारे ज्ञान एकाच माणसापाशी होते.

मध्यंतरी एका आजोबांना डोक्याला मार लागून आणले होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, या प्रश्नावर उपचाराची पुढची दिशा अवलंबून होती. आजींना फक्त ‘लाल डब्यातली, रात्रीची’ इतके ठाऊक होते. मुलगा परदेशात, फोन बंद. शेवटी शेजारच्या मुलाने घरी जाऊन डबाच आणला. आपल्या घरची पेटी म्हणजे खरे तर एकच कागद: चालू औषधे व त्यांचे प्रमाण, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, झालेल्या शस्त्रक्रिया, हृदयात स्टेंट वा पेसमेकर आहे का, नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक, विम्याची कागदपत्रे कुठे आहेत. वर तारीख घालावी, औषध बदलले की कागद बदलावा आणि तो कुठे आहे हे निदान दोघांना ठाऊक असावे. त्यांतले एक जण नातवंड असले तर उत्तम. बारा वर्षांची मुले हे काम फार नेटाने करतात.

पुस्तक वाचायचे झाल्यास नातीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. रोज वीस मिनिटे पुरे. तिने तोंडाकडे पाहता येईल असे समोर बसून वाचावे, श्रवणयंत्र असेल तर ते लावावे. इंग्रजी अडले तर तिने प्रकरण मराठीत सांगावे. मधे मधे आपणही सांगावे: कंदिलाच्या काचा पुसणे, रेशनच्या रांगा, १९७२च्या दुष्काळात मिळालेली सुकडी. २००८ साली निघालेला चित्रपटही आहे, पण आधी पुस्तक. ‘द पीपल ऑफ स्पार्क्स’ या २००४च्या दुसऱ्या भागात एम्बरचे सुमारे चारशे लोक उघड्या आकाशाखालच्या एका खेड्यात आश्रयाला येतात. खेड्याकडे आधीच बेताचे धान्य, त्यातून कुरबुरी आणि मग शत्रुत्व. तिथे आजारी पॉपीवर उपचार करते ती एक वयस्कर डॉक्टरीण. तिच्यापाशी वनस्पती आहेत, जुनी पुस्तके आहेत आणि थोडा विसराळूपणाही आहे. माझी ती विशेष लाडकी.