सोमवारची धाप

कारखान्यात यंत्रात सापडून कामगाराचे बोट तुटले, तर त्या घटनेला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतात आणि अपघाताच्या नोंदवहीत तिची नोंद करावी लागते; परंतु वीस-वीस वर्षे कापसाची धूळ श्वासावाटे आत घेऊन ज्याची फुप्फुसे निकामी झाली, त्याच्या बाबतीत यांपैकी काहीच हाताशी नसते. व्यावसायिक आजार, म्हणजे माणसाच्या कामातून उद्भवणारा आजार, सावकाश येतो, घरी किंवा गावी गेल्यावर बळावतो, आणि तोवर त्याचा कामाशी असलेला धागा सुटलेला असतो. हा धागा कसा सुटतो आणि तो पुन्हा हाती लागण्यासाठी काय करावे लागते, हे समजून घेण्यास मुंबईच्या गिरण्यांनी पाहिलेल्या बिसिनोसिस या आजाराइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

सूतगिरणीत आलेल्या कापसाच्या गाठी प्रथम ब्लो रूममध्ये फोडल्या जातात, रुई पिंजून मोकळी केली जाते आणि नंतर कार्डिंगच्या यंत्रावर, बारीक तारांचे दात असलेल्या फिरत्या पिंपांमधून, तिचे तंतू विंचरून सरळ केले जातात. सर्वाधिक धूळ याच दोन खात्यांत उडते, आणि आजाराचे प्रमाणही याच खात्यांतील कामगारांत सर्वांत जास्त आढळत आले आहे. दोष मात्र शुद्ध तंतूचा नसतो. दवाखान्यात वापरला जाणारा धुतलेला, विरंजित केलेला कापूस हाताळणाऱ्यांना हा आजार होत नाही. गाठीत रुईबरोबर बोंडाच्या बुडाशी असलेल्या पानासारख्या दलांचा चुरा, काड्या, पाला आणि माती आलेली असते, आणि त्या चुऱ्यावर जीवाणूंची वाढ झालेली असते. या जीवाणूंच्या आवरणातील ‘एंडोटॉक्सिन’ नावाचे विषारी द्रव्य धुळीबरोबर श्वासनलिकांत उतरून त्यांचा दाह घडवते, असे आजचे शास्त्र मानते. म्हणूनच कापूस जितका कचऱ्याचा आणि जाडाभरडा, तितका धोका अधिक.

या आजाराची सर्वांत विलक्षण खूण त्याच्या दिनक्रमात आहे. आठवड्याची सुट्टी संपवून कामगार पहिल्या पाळीला खात्यात शिरतो, आणि काही तासांत त्याची छाती आवळल्यासारखी होऊ लागते, खोकला सुरू होतो, श्वास पुरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास ओसरतो आणि शनिवारपर्यंत तो विसरलाही जातो. रोजच्या धुळीत शरीराची प्रतिक्रिया काहीशी बोथट होते आणि विश्रांतीनंतर ती पुन्हा तीव्र होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. मुंबईत रविवारची साप्ताहिक सुट्टी ही नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभारलेल्या चळवळीची कमाई होती. १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली, आणि सोमवारची धाप ओळखू येण्यासाठी लागणारा विसाव्याचा दिवस कामगारांना मिळाला. जिथे सुट्टी अन्य वारी असते, तिथे ‘सोमवार’ त्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी येतो, आणि हे ध्यानात न घेता केवळ सोमवारविषयी विचारणाऱ्या डॉक्टरला चुकीचे उत्तर मिळते.

ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ रिचर्ड शिलिंग यांनी १९५०च्या दशकात लँकेशायरमधील गिरण्यांचा अभ्यास करून या लक्षणांच्या पायऱ्या आखल्या. आठवड्याच्या पहिल्या दिवशी अधूनमधून छाती आवळणे ही सुरुवात. मग प्रत्येक आठवड्याच्या पहिल्या दिवशी. मग इतर दिवशीही. आणि शेवटी सुट्टीनेही न हटणारी, श्वसनाची क्षमता कायमची घटवणारी अवस्था. पहिल्या पायऱ्यांवर कामगाराला धुळीतून बाहेर काढले, तर तो बहुधा सावरतो, शेवटच्या पायरीवरून परत येण्याची वाट नसते, आणि या दोहोंमध्ये बरीच वर्षे असतात. आजार ओळखण्याची सारी संधी या वर्षांत असते.

ती हुकते कशी, याची कारणे वैद्यकीय आहेत तशी सामाजिकही आहेत. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचे डाग क्ष-किरण चित्रात दिसतात. बिसिनोसिसची स्वतःची अशी कोणतीही खूण त्या चित्रात उमटत नाही. शेवटच्या अवस्थेत तो बिडी ओढणाऱ्याच्या जुनाट खोकल्यासारखा किंवा दम्यासारखाच दिसतो, आणि लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्या माणसांत क्षयरोगही पुष्कळ असल्याने, खोकणाऱ्या कामगाराच्या केसपेपरवर क्षयाचा किंवा दम्याचा शिक्का सहज बसत असे. दुसरे कारण अधिक खोल आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून किंवा साताऱ्याकडून आलेला कामगार छाती काम देईनाशी झाली की गावी परतत असे आणि त्याच्या जागी बदली कामगार उभा राहत असे. गिरणीत तपासणी झालीच, तर ती टिकून राहिलेल्यांची होई, आणि खाते आहे त्यापेक्षा निरोगी दिसे. आजारी माणसे कामावरून गळून गेल्याने कामावरची माणसे धडधाकट भासणे, याला रोगपरिस्थितिविज्ञानात ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात. कोकणातल्या एखाद्या पडवीत धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याची नोंद गिरणीच्या कोणत्याच वहीत नसणे, हा त्याचा प्रत्यक्ष अर्थ.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात असे सुचवले होते की, रोग्याला जे प्रश्न विचारण्याची वैद्यांची रीत आहे, त्यांत ‘तुमचा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घालावी. तीन शतकांनंतरही आपल्याकडच्या बहुतेक बाह्यरुग्ण विभागांत हा प्रश्न विचारला जात नाही, आणि विचारला तरी उत्तर ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’ एवढ्यावर थांबते. कोणत्या खात्यात, किती वर्षे, कोणत्या धुळीत, हे पुढे कुणी विचारत नाही.

कायद्याने खरे तर विचारणे भाग आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, बिसिनोसिस होता, आणि कलम ८९ नुसार असा रोगी तपासणाऱ्या डॉक्टरने, मग तो कारखान्याचा असो वा खासगी, मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचे होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. ती पार पाडली जात नाही, कारण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कळवता येत नाही. मुंबईत १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतरच्या काळात, गिरण्या एकामागून एक बंद पडत असताना, काही डॉक्टर आणि कामगार-कार्यकर्त्यांनी हा प्रश्न विचारण्याचे काम अंगावर घेतले. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मुंबईतील एका गिरणीतील बिसिनोसिसविषयीचा अभ्यास १९९५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त प्रसिद्ध झाला. अशा कामाला महागडी सामग्री लागत नाही. स्पायरोमीटर नावाच्या यंत्रात कामगाराने छाती भरून घेतलेला श्वास जोराने सोडायचा आणि पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजायचे. हीच मोजणी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळी सुरू होण्यापूर्वी आणि पाळी संपल्यावर केली, की धुळीने त्या माणसाचे काय केले ते आकड्यांत दिसते.

धूळ रोखता येत नाही, हा समज अमेरिकेत खोटा ठरला. तिथे १९७८ मध्ये सूतनिर्मिती विभागांसाठी हवेच्या दर घनमीटरमागे कापसाच्या बारीक धुळीची कमाल मर्यादा, आठ तासांच्या सरासरीने, २०० मायक्रोग्रॅम ठरवण्यात आली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गिरणीमालकांनी खर्चाचे कारण पुढे करून न्यायालयात दाद मागितली, पण १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे मानक मूलतः उचलून धरले. पुढे गिरण्यांनी यंत्रे बंदिस्त केली, धूळ उगमापाशीच शोषून घेणारे नळ बसवले, आणि आजाराचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आपल्याकडे मात्र धुळीच्या कामावर गूळ वाटण्याची पद्धत अनेक ठिकाणी आजही आहे. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, श्वासनलिकेत उतरलेली धूळ त्याने निघत नाही, आणि गूळ वाटून झाला की मालकाची आणि कधीकधी कामगाराचीही काळजी मिटते, हे त्यातले खरे नुकसान आहे. नाकावर बांधलेल्या फडक्याचेही तेच: लांब तंतू त्यावर अडकतात, घातक बारीक कण पार जातात. यंत्रावर साचलेला कचरा झाडूने किंवा दाबाच्या हवेने उडवण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून घेणे, एवढा साधा बदलही फडक्यापेक्षा अधिक उपयोगाचा असतो. चांगल्या प्रतीचा मास्क हा या सर्व उपायांनंतरचा उपाय आहे, त्यांच्याऐवजीचा नव्हे.

मुंबईच्या बहुतेक गिरण्या मिटल्या, पण महाराष्ट्रातील कापसाची धूळ मिटलेली नाही. यवतमाळ, अकोला, अमरावती, जळगाव, परभणी या जिल्ह्यांतील जिनिंग कारखान्यांत, जिथे सरकीपासून रुई वेगळी केली जाते, दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. कापूस तिथे सर्वांत कच्च्या, सर्वांत कचऱ्याच्या अवस्थेत असतो. आणि नेमक्या याच कामगाराला विम्याचे छत्र नाही. कामगार राज्य विमा योजनेत बिसिनोसिस हा व्यावसायिक आजार म्हणून मान्य आहे, परंतु या योजनेच्या १९४८ च्या कायद्याने ‘हंगामी कारखाने’ तिच्याबाहेर ठेवले, त्यांच्या व्याख्येत कापूस जिनिंगचे नाव अगदी आरंभीच घातले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाने बाहेरच ठेवले. मग उरतो तो नुकसानभरपाईसाठी थेट मालकाविरुद्ध दावा. त्यासाठी त्या धुळीत ठरावीक काळ सलग काम केल्याचे दाखवावे लागते, आणि यंदा एका जिनमध्ये तर पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात, मधले सहा महिने शेतमजुरीवर, अशी ज्याची नोकरी आहे, त्याच्याकडे ना हजेरीचा कागद असतो, ना ज्याच्यावर दावा लावावा असा एक मालक.