वड्याचं तेल खाणारं यीस्ट

विरार स्टेशनबाहेर वडे तळायला लागले की नुसत्या वासानेच भूक लागते, हो ना? आज वड्याकडे नको, कढईकडे बघा. सकाळचं सोनेरी तेल संध्याकाळी काळपट, दाटसर झालेलं असतं. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ‘पोलर’ नावाची नकोशी संयुगं वाढत जातात. ती 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल तळणीला वापरायचं नाही, असा नियम 2018 पासून लागू आहे. मोरीत ओतावं, तर गटार तुंबतं.

मग त्याचं डिझेल करू या! थट्टा नाही बरं का. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण साधं तेल इंजिनासाठी फार दाट. म्हणून त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ते गरम करत ढवळतात. जड ग्लिसरीन तळाशी बसतं, वर तरंगतं ते बायोडिझेल.

मात्र जळक्या तेलात सुटी झालेली मेदाम्लं बरीच असतात. त्यांची आणि कॉस्टिक सोड्याची गाठ पडली की काय होतं? साबण! करायला गेलो डिझेल आणि हाती आला फेस.

इथे एक सूक्ष्मजीव मदतीला येतो. नाव जरा लांबलचक आहे, यारोविया लिपोलिटिका. पावाच्या यीस्टचं हे लांबचं भावंड. याची एक जात शास्त्रज्ञांना मुंबईजवळच्या, तेलाने माखलेल्या समुद्राच्या पाण्यात सापडली. म्हणजे आपल्या वसईच्या खाडीपलीकडची शेजारीणच की! तेलाचे तवंग हेच तिचं जेवण. पुणे विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिला तळणीचं टाकाऊ तेल खाऊ घातलं. ती तेलाचे तुकडे करते, ते पोटात घेते आणि आपलं स्वतःचं तेल बनवून बारीक थेंबांत साठवते. त्या तेलापासून बायोडिझेल करता येतं.

झकास! पण थांबा. खाल्लेलं सगळं तेल ती थोडंच साठवते? काही तिच्या जगण्यावाढण्यातच खर्च होतं. शिवाय तिला हवेशिवाय जगता येत नाही, म्हणून टाकीत सतत हवा सोडायची. मग यीस्ट पाण्यातून वेगळं काढायचं, वाळवायचं. या सगळ्याला वीज लागते, आणि आपल्याच पालघर जिल्ह्यातलं डहाणूचं वीजकेंद्र कोळशावर चालतं! मिथेनॉलही बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतं. गाडीच्या नळीतून काजळी कमी निघाली, तरी कारखान्यामागचा धूर मोजायला नको का? मला तर हाच भाग सगळ्यात मजेदार वाटतो. पुण्याच्या मंडळींनी म्हणूनच एक युक्ती करून पाहिली. यीस्टमधून तेल आधी वेगळं न काढता थेट यीस्टपासूनच बायोडिझेल करायचं. एक पायरी वाचली.

आणि कढईतलं तेल गोळा कोण करणार? दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि उरलेलं तेल ठरलेल्या संस्थांनाच द्यायचं, असा नियम आहे. स्टेशनबाहेरच्या काकांच्या गाडीवर काही इतकं तेल लागत नाही. त्यांच्यासारख्या शेकडो गाड्यांवरचं थोडं थोडं तेल एकत्र कसं आणायचं? तेही टेंपोचं डिझेल फार न जाळता?