घरची गोधडी

अल्प खर्चात घरच्या घरी पांघरूण तयार करावयाचे म्हटले म्हणजे शहरातील सुशिक्षित गृहिणीला प्रथम आठवण होते ती क्रोशाच्या सुईची व लोकरीच्या गुंड्यांची. क्रोशाचे काम सुबक खरे. परंतु एका मोठ्या माणसाच्या पांघरुणास किलोभर किंवा त्याहूनही अधिक लोकर लागते, व ती सगळी विकत आणावी लागते. महाराष्ट्रातील स्त्रियांनी हा प्रश्न फार पूर्वीच निराळ्या रीतीने सोडविला आहे. त्यांनी विकत घ्यावयाचा तो केवळ दोरा. बाकीचे सर्व साहित्य घरातील जीर्ण लुगड्यांतून उभे केले. हीच गोधडी होय. देशावर तिला वाकळ असेही म्हणतात. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कानड्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी, या साऱ्या तिच्याच बहिणी.

गोधडीचे गुण व तिच्या मर्यादा नीट ध्यानात यावयाच्या तर रायगड जिल्ह्यातील तळे गावासारखे ठिकाण डोळ्यांपुढे आणावे. तळगडाच्या पायथ्याचे हे गाव डोंगरांनी वेढलेले असून कुड्याच्या लेण्यांखाली येणारी राजपुरीची खाडीही तेथून दूर नाही. येथील थंडी उत्तर हिंदुस्थानासारखी हाडे गोठविणारी नव्हे. पहाटेपुरता गारवा, एवढेच तिचे स्वरूप. पाऊस मात्र धो धो, आणि चार महिने हवेतील ओल हटत नाही. अशा प्रदेशात पांघरूण फार जड असून चालत नाही. ते धुता आले पाहिजे, आणि मुख्य म्हणजे वाळले पाहिजे.

सुती कापड स्वतः फारसे उबदार नसते. मग गोधडी ऊब देते ती कशी? दोन पदरांच्या मध्ये हवेचा पातळ थर अडकून राहतो. ही हवा हलत नाही, त्यामुळे अंगची उष्णता बाहेर जाण्यास अडथळा होतो. चार पदर एकावर एक घातले की हवेचे तीन थर सापडतात. क्रोशाच्या विणीतही हवा असते. परंतु विण विरळ असली तर वाऱ्याची झुळूक ती हवा काढून नेते. गोधडीचे वरचे कापड सलग असल्याने तसे होत नाही.

कापडाचा हिशेबही विलक्षण जुळतो. नऊ वारी लुगडे म्हणजे 27 फूट लांबीचे वस्त्र. त्याचे सारखे चार तुकडे केले असता प्रत्येक तुकडा 6 फूट 9 इंच भरतो, आणि पन्हा 45 इंचांच्या आसपास असतो. एका माणसाच्या अंथरुणाचे हेच माप होय. म्हणजे एका जुन्या लुगड्यातून चार पदरांची एक गोधडी पुरी होते. पाच किंवा सहा वारी पातळ असेल तर दोन पदर निघतात. तेव्हा अशी दोन पातळे घ्यावीत.

प्रथम कापड धुऊन त्यातील खळ काढून टाकावी. काठ उसवून बाजूला ठेवावेत. कडेच्या पट्टीस ते उपयोगी पडतात. विरलेला भाग आतल्या पदरांत घालावा, आणि त्यातल्या त्यात धड असलेले कापड वर व खाली घ्यावे. पदर जमिनीवर ताणून अंथरावेत, कोपऱ्यांवर वजने ठेवावीत, आणि मध्यापासून कडेकडे लांब कच्चे टाके घालावेत. या टाक्यांचा कंटाळा केल्यास पक्की शिवण घालताना सैल कापड मध्यभागी गोळा होते, व तेथे आलेला फुगा पुढे काही केल्या बसत नाही. नंतर कडेपासून आत आत, चौकटीत चौकट याप्रमाणे, साधा धावदोरा घालीत जावे. दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर पुरे. ओळी अधिक दाट घातल्या तर गोधडी टिकाऊ होते, पण पदर दबून हवेला जागा उरत नाही. फार विरळ घातल्या तर पहिल्याच धुण्यात आतील जीर्ण कापड गोळा होते. शेवटी काठाची पट्टी चारही बाजूंनी दुमडून शिवावी.

कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करतात. गोधडीचे कामही त्याच सुमारास उरकलेले बरे. तयार गोधडीला वैशाखातील कडक ऊन दोन-तीन दिवस दाखवावे. सुती पदर पाणी फार धरतात. भर पावसात धुतलेली गोधडी आतून ओली राहते, तिला बुरशी येते, आणि ओल्या कापडात ऊबही राहत नाही. हल्ली घरोघरी कृत्रिम धाग्यांच्या साड्याच अधिक. त्या लवकर वाळतात, परंतु घाम टिपीत नाहीत व शिवताना निसटतात. सबब त्या बाहेरच्या बाजूस लावाव्यात. अंगाकडील पदर सुतीच असावा. तान्ह्या मुलाच्या दुपट्यासाठी तर शेकडो धुण्यांनी मऊ झालेल्या जुन्या लुगड्याला तोड नाही.

राहिला प्रश्न किमतीचा. वर सांगितलेल्या मापाच्या गोधडीत धावदोऱ्याच्या सुमारे 60 ओळींइतकी शिवण होते, म्हणजे एकूण लांबी 135 वार. इंचाला दोन टाके धरले तर टाक्यांची संख्या दहा हजारांच्या घरात जाते. मिनिटास दहा टाके या बेताने केवळ एवढ्याच कामाला सोळा-सतरा तास लागतात. कच्चे टाके व कडा निराळ्याच. घरातील कामे आटोपून दुपारी मिळणारे दोन तास दिले तर पंधरवडा सहज जातो. गोधडी फुकट होते असे जे म्हणतात, ते या पंधरवड्याची किंमत शून्य धरून म्हणतात. ज्या घरी हे पांघरूण करावयाचे ठरेल, तेथे उसवणे, अंथरणे, ताणणे व कच्चे टाके घालणे ही कामे पुरुषांनी व मुलांनी वाटून घेण्यास कोणतीच अडचण नाही. त्यासाठी हातात कसब असावे लागत नाही. दोघे समोरासमोर बसून शिवू लागले तर दिवस निम्म्यावर येतात. पैशाच्या दृष्टीने गोधडी स्वस्त आहेच. श्रमाच्या दृष्टीनेही ती स्वस्त व्हावयाची, तर तिच्यात घरातील एकापेक्षा अधिक हातांचे टाके असले पाहिजेत.