बाबांची नजर नाही, बोल्ट खराब होता

बाबांचा जुना पिकअप रिस्टोअर करतोय. हेडलाइट नवीन असल्यापासून मंद. बाबांना वाटायचं, आपलीच नजर गेली. रात्री घाटात जाणंच सोडलं त्यांनी. बल्ब, बॅटरी सगळं बदलून झालं.

परवा अर्थिंगचा बोल्ट खोलला. रिंगखाली कारखान्याचा रंग तसाच! तो खरवडून मगच वायर कसायची असते. इथे करंट कसाबसा बोल्टच्या आट्यांमधून जायचा.

हिशोब बघा: ६० वॉटचे दोन बल्ब, १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपिअर. सांध्यात ०.२ ओहम रोध असला तरी जवळपास २ व्होल्ट तिथेच खर्च!

तपासायचंय? दिवे लावा, बल्बची अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर धरा. ०.२ व्होल्टच्या वर आलं, तर सांधा घासा.

काल रात्री बाबांनी गाडी घाटातून नेली. म्हणाले, "रस्ता दिसतोय रे."