बेत बर्फाचा, हिशेब घरचा

मैत्रिणींनो, हिमाचलची सहल म्हटली की डोळ्यांपुढे आधी बर्फ येतो आणि पाठोपाठ खर्च! त्यात मुलांनी “नुसता बर्फ बघायचा नाही, स्कीइंग शिकायचं” असा हट्ट धरला, की बेत तिथेच बारगळतो. खरं तर नीट आखणी केली तर मध्यमवर्गीय घरालाही हे जमण्यासारखं आहे. मात्र काटकसर कुठे करायची आणि कुठे मुळीच करायची नाही, हे आधी ठरवायला हवं.

बहुतेक घरांत काटकसरीची पहिली कात्री आईवरच चालते. “तुम्ही शिका, मी इथे कोट सांभाळत बसते,” असं आपणच म्हणून मोकळ्या होतो. एवढ्या लांब जाऊन थर्मास घेऊन बाकावरच बसायचं असेल, तर ती सहल आपली कसली? म्हणून हिशेबाच्या वहीत शिकणाऱ्यांची यादी करताना पहिलं नाव स्वतःचं लिहा. बाकीची बचत दुसरीकडून करू या.

कुठे आणि केव्हा?

नवशिक्यांसाठी मनालीजवळचं सोलंग सोयीचं. मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर, तर तिथून १३ किलोमीटरवरचं सोलंग सुमारे २,५०० मीटरवर. नाताळात भाव चढलेले असतात आणि बर्फाची खात्री नसते. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बर्फाची शक्यता जास्त. २६ जानेवारीला जोडून रजा काढली तर मुलांची शाळाही फार बुडत नाही. सोलंगला बर्फ विरळ असेल, तर ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधल्या सिस्सूला जाता येतं. मात्र हिवाळ्यातल्या देवकार्यासाठी तिथली गावं कधी कधी पर्यटकांना बंद असतात, तेव्हा मनालीत चौकशी करूनच निघावं.

गाडीचा हिशेब

दोन कुटुंबांनी मिळून बारा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तर खर्च निम्म्यावर येतो आणि सामानालाही जागा उरते. मुंबईहून अमृतसरला जाणारी पश्चिम एक्स्प्रेस अंबाल्याला थांबते. तिथून गाडी करावी.

इथे एक गोम आहे. भाड्याच्या गाड्यांना बहुधा दिवसाला किमान २५० किलोमीटरचे पैसे पडतात, गाडी उभी असली तरी! सहा दिवसांचे झाले १,५०० किलोमीटर. प्रत्यक्षात अंबाला ते मनाली जाऊन-येऊन साधारण ७०० आणि सोलंगच्या चार फेऱ्यांचे शंभरेक, म्हणजे ८०० च्या आसपासच धाव होते. तेव्हा “दिवसाचा दर काय?” असं न विचारता “सगळ्या सहलीचं मिळून काय घ्याल?” असं विचारा. नुसतं पोचवून सोडण्याचा आणि परत न्यायला येण्याचा दरही घ्या. कधी कधी तोच स्वस्त पडतो. टोल, राज्याचा प्रवेशकर, चालकाचा भत्ता, पार्किंग या चार गोष्टी धरल्यात की वेगळ्या, ते कागदावर लिहून घ्या. गाडीला पिवळी पाटी हवीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळाली तरी नको. अपघात झाला तर विम्याची अडचण येते.

चालक बर्फात गाडी चालवलेला असावा, टायरला लावायच्या साखळ्या बरोबर असाव्यात. त्याच्या निजण्याची ऊबदार सोयही आपणच बघायची. “तो झोपेल गाडीत” ही काटकसर नव्हे! थंडीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपलं, तर विषारी वायूने जीव जाऊ शकतो. हाच धोका बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्याने असतो. शेगडी कितीही ऊबदार वाटली तरी झोपण्यापूर्वी ती बाहेर!

घाटरस्ता

अंबाल्याहून एका दमात मनाली गाठू नका. मंडीला मुक्काम करा. हे गाव खूपच खाली, सुमारे ८०० मीटरवर असल्याने थंडी बेताची असते. घाटात गाडी उजेडातच चालवावी, आणि मनालीच्या पुढे ऊन वर आल्यावरच निघावं. सावलीतल्या वळणांवर रात्री गोठलेला पातळ थर पहाटे दिसतसुद्धा नाही. जोराचा बर्फ पडला तर आपली गाडी मनालीतच ठेवून चारही चाकांना जोर असलेली स्थानिक जीप करावी लागते. दोन दिवसांच्या जीपचे पैसे आधीच बाजूला काढा.

पोट आणि पांघरूण

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. रोज हॉटेल बदललं की पैसा आणि उत्साह दोन्ही संपतात. स्वयंपाकाची सोय असलेलं घर मिळालं तर उत्तमच. पण मनालीच्या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर घेऊन जा. दशम्या, मेतकूट, डिंकाचे लाडू, चिवडा बरोबर असला की सोलंगच्या महाग टपऱ्यांवर फक्त चहा घ्यावा लागतो.

आतून सुती कपडे आणि जीन्स नकोत. भिजले की अंगाला चिकटून गारठवतात. लोकरीचं बनियन, वर स्वेटर आणि सर्वांत वर बर्फाचा पोशाख. हा पोशाख वाटेतल्या दुकानांत भाड्याने मिळतो. चेन आणि शिवण तपासून घ्या. काळा चष्मा मात्र प्रत्येकाला हवाच. बर्फावरचं ऊन डोळ्यांना बाधतं.

आता खरं शिकणं!

सोलंगला “स्कीइंग करा” म्हणत पुष्कळजण मागे लागतात. त्यांतले काही फोटोपुरतं धरून दोन मिनिटं घसरवतात नि पैसे घेतात. तासाचा दर ठरवा, स्की, बूट आणि काठ्या त्यात आल्या का ते विचारा, आणि चौघांमागे एक शिक्षक ठेवा. बुटात एकच लोकरी मोजा घाला. पुढे वाकल्यावर टाच उचलली जाता कामा नये. पहिला अर्धा तास सपाटीवरच काढा. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची दूर ठेवली की वेग मंदावतो, हे आधी शिका. तोल गेलाच तर कुशीवर पडा. निघण्यापूर्वी महिनाभर जिने चढा-उतरा, रोज दहा-वीस अर्ध्या बैठका काढा, म्हणजे मांड्या कुरकुरणार नाहीत.

लेक कॉलेजात असेल आणि तिला गोडी लागली, तर मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचे पंधरवड्याचे स्की-वर्ग तिच्यासाठी चांगले.

शेवटी, एकूण खर्चाचा दहावा हिस्सा आणि एक दिवस राखीव ठेवा, कारण पहाडात रस्ता बंद झाला की कोणाचंच चालत नाही. बेरीज वाढली तर मुक्कामाची एक रात्र कमी करा, खरेदी कमी करा. पण शिकणाऱ्यांच्या यादीतलं ते पहिलं नाव मात्र खोडू नका हं!