सहा आठवड्यांची मैत्री

इ. स. १८४७ च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम सीमेवर नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. परंतु तेथील मुलांना शिकविण्यास पुरेसे शिक्षक नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅथरिन बीचर या विदुषीने चळवळ केली. पुढील दहा-अकरा वर्षांत पूर्वेकडील सुमारे सहाशे तरुण शिक्षिका तिकडे गेल्या. निघण्यापूर्वी त्यांतील पुष्कळजणी हार्टफर्ड शहरी सुमारे सहा आठवडे एकत्र राहून शिक्षण घेत. तेथे मैत्री जुळते न जुळते, तोच एक इलिनॉयला, तर दुसरी आयोवाला, अशी त्यांची पांगापांग होई.

शाळा म्हणजे बहुधा ओंडक्यांची एकच खोली. तीत सहा वर्षांच्या बालकापासून बाईंहून उंच मुलापर्यंत सारे बसत. चूल पेटविणे, झाडलोट करणे हीही बाईंचीच कामे! संध्याकाळी परतावे, तर स्वतःचे घर नाही. विद्यार्थ्यांच्या घरी पाळीपाळीने राहावयाचे, आणि निजावयाचे पुष्कळदा त्यांच्याच मुलींच्या अंथरुणात. दार लावून घटकाभर रडावे म्हटले, तरी दार कोठे होते?

अशा वेळी मैत्रिणीचे पत्र हाच विसावा. पण तीनशे मैलांपलीकडील साध्या पत्रालाही दहा सेंट पडत. म्हणून त्या काळी कित्येक जण पान भरले, की ते आडवे धरून लिहिलेल्या ओळींवरच पुन्हा लिहीत. वाचणारीच्या डोळ्यांचे काय होत असेल! १८५१ मध्ये आगाऊ भरलेले टपाल तीन सेंटांवर आले.

या शिक्षिकांनी हार्टफर्डला धाडलेली काही पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत.