पाणावलेले, तरीही कोरडे!

मैत्रिणींनो, घळाघळा वाहणाऱ्या डोळ्यांना कुणी ‘कोरडे’ म्हटलं तर हसू येईल ना? मलाही आलं होतं. सहामाहीचे पेपर तपासताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, पाणी यायचं. सासूबाईंच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब कपाटात उरले होते, तेच चार दिवस घातले. बरंही वाटलं! मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डोळ्यांत पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं. अश्रूंचा थर निदान १० सेकंद तरी अखंड राहायला हवा. माझा ४-५ सेकंदांतच फाटत होता. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर हिरवे ठिपके चमकत होते. ते ठिपके म्हणजे दुखावलेल्या पेशी.

अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. वर पापण्यांच्या ग्रंथींतून आलेला तेलाचा तवंग, खाली पाणी आणि त्याला डोळ्याशी धरून ठेवणारा बुळबुळीत श्लेष्म. तेल कमी पडलं की पाणी उडून जातं, उरलेले अश्रू खारट होतात. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटून त्या कशा आकसतात? या नाजूक पेशींचं तेच होतं. त्या दुखावल्या की दाह होतो, दाहामुळे श्लेष्म बनवणाऱ्या पेशी घटतात, आणि मग अश्रूंचा थर आणखीच लवकर फाटतो. मज्जातंतू खुपल्याची वर्दी देतात, तसं भसकन पाणी येतं. पण ते टिकत नाही, गालावर ओघळतं.

आणि ते थेंब? त्यांत स्टिरॉइड होतं! दाह तेवढ्यापुरता दबला, म्हणून बरं वाटलं. पण देखरेखीवाचून असे थेंब घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. (मध, गुलाबपाणी सुचवणाऱ्या शेजारणींनाही आता हात जोडते!)

पाळी जाण्याच्या वयात हा त्रास वाढतो, तेव्हा आईला, थोरल्या बहिणीलाही विचारा. मला बाईंनी कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले. रात्री सोसेल इतक्या ऊन पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल मिटल्या पापण्यांवर ५-१० मिनिटं ठेवते, म्हणजे थिजलेलं तेल सुटतं. पंख्याचा झोत तोंडावर घेत नाही. वाचताना, मोबाईल पाहताना पापण्या मिटायचं आपण विसरतो, म्हणून दर पेपरनंतर मुद्दाम मिटते. पडद्याचा वरचा थर साधारण ७ ते १० दिवसांत नवा होत असतो. त्याला तेवढी उसंत मिळायला हवी.

सासूबाईंची बाटली त्याच दिवशी फेकली. माझ्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिली आहे.